सोशल मीडिया बंद केला म्हणजे कार्यालय सुरक्षित झालं?

पालिकेच्या संगणकांवर फेसबुक, यूट्यूब, ब्लॉग बंद ठेवले की वेळही वाचतो आणि व्हायरसही येत नाही, हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे. साइट बंद करणारा फिल्टर फक्त कार्यालयाच्या नेटवर्कवरची वाट अडवतो. खिशातला मोबाइल स्वतःच्या डेटावर चालूच असतो. व्हायरस तर अनेकदा ईमेलच्या जोडपत्रातून शिरतो, आणि ईमेल कुणी बंद करत नाही.

खरा फटका कामाला बसतो. एचटीटीपीएसमुळे, म्हणजे साइट आणि संगणक यांच्यातला मजकूर सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीमुळे, साध्या फिल्टरला डोमेनचं (facebook.com सारखं साइटचं) नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. त्यामुळे फेसबुक बंद ठेवून त्यावरचं पाणीपुरवठा विभागाचं एकच पान उघडं ठेवता येत नाही. मग ‘आमच्या गल्लीत दोन दिवस पाणी नाही’ ही तक्रार वाचायला कर्मचारी स्वतःचा फोन काढतो, विभागाचं खातंही स्वतःच्याच नंबरवर उघडतो. त्याची बदली झाली की ओटीपी त्याच्याकडेच जात राहतो आणि विभाग खात्याबाहेर!

त्यापेक्षा जनसंपर्क, पाणी, आपत्ती व्यवस्थापन यांचा वेगळा गट करून त्यांना प्रवेश द्या. एक्झी (.exe, म्हणजे उघडताच प्रोग्राम चालू करणाऱ्या) फाइलींचं डाउनलोड सगळ्यांनाच बंद. खात्याला किमान दोन अॅडमिन, नंबर कार्यालयाचा, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) चालू. बदलीच्या दिवशीच जुना प्रवेश काढा.