केशपुटक

केशपुटक (रोमकूप) : त्वचेत तिरकी रुतलेली, केस घडवणारी नळीसारखी जिवंत रचना. बाहेर दिसणारा केस हा केरॅटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. म्हणूनच तो कापताना दुखत नाही, उपटताना मात्र पुटकाभोवतीच्या मज्जातंतूंमुळे कळ येते. माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख केशपुटके असतात, त्यांतली लाखभर डोक्यावर. तळहात, तळपाय आणि ओठ यांवर ती नसतात. सगळी पुटके आईच्या पोटातच तयार होतात. जन्मानंतर नव्यांची भर पडत नाही, आहेत त्यांचेच आकार बदलतात. मिसरूड फुटते ते लव उगवणाऱ्या जुन्याच पुटकांतून.

पुटकाच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर केशकंद असतो. त्याच्या पोकळीत रक्तवाहिन्यांसह शिरलेला केशांकुर भोवतालच्या पेशींना विभागण्याचा इशारा देतो, आणि त्या पेशी वर सरकत, कडक होत केस बनतात. रंगपेशी त्यांत रंग भरतात; त्या संपल्या की केस पिकतो. थोडे वर तैलग्रंथी उघडते. तिथेच खाली एक चिमुकला स्नायू चिकटलेला असतो, जो आखडला की अंगावर काटा येतो. या स्नायूच्या टोकाशी असलेल्या फुगवट्यात मूलपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी, राहतात, हे १९९० मध्ये उंदरांवरील अभ्यासातून पुढे आले. पुटकाचा जीव खरा या फुगवट्यात आहे.

वस्तरा तिथवर पोहोचत नाही. त्यामुळे जावळ काढल्याने बाळाचे केस दाट होत नाहीत. कापलेले टोक बोथट असल्याने ते जाड वाटतात, इतकेच. विधवांच्या केशवपनाचे क्रौर्यही एका दिवसात संपत नसे. पुटके जिवंत असल्याने केस पुन्हा येत आणि न्हाव्यापुढे पुन्हा बसावे लागे. पुण्यात महात्मा फुले यांनी या प्रथेला उघड विरोध केला.

डोक्यावरचे पुटक २ ते ६ वर्षे केस वाढवते, दोन-तीन आठवड्यांत आक्रसते आणि सुमारे ३ महिने विसावते. वाढीचा वेग महिन्याला साधारण १ सेंमी. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. कंगव्यात अडकलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की ‘मुळासकट गेला’ म्हणून माणसे धास्तावतात. तो ठिपका विसावलेल्या केसाचे बोंड असते. मूळ त्वचेतच शाबूत असते.

या ठिपक्याचा उपयोग पुणेकरांनी जरूर करावा. वाघोली-हिंजवडीकडच्या सोसायट्यांमध्ये केसगळतीचा दोष टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याला दिला जातो. क्षार बसून केस राठ होतो आणि मध्येच तुटू शकतो, पण तुटलेल्या केसाला ठिपका नसतो. ठिपकेवाले केस मूठभर येत असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवावे : मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमारीचा डाएट? अशा धक्क्याने बरीच पुटके एकदमच विसाव्यात जातात. पावसाळ्यात डेंग्यू झालेल्याचे केस दिवाळीच्या सुमारास गळू लागतात ते यामुळे. महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात मार्च २०२० मध्ये सापडले. त्यानंतरच्या लाटांमध्ये ही गळती घरोघरी दिसली. ती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. महागडे तेल घेतल्यावर ती थांबली, की श्रेय तेलाला जाते.

केशपुटकाच्या रोगांत सर्वांत ओळखीचे केसतोड. पुटकात स्टॅफिलोकॉकस जंतू शिरून पू होतो. ते पिळू नये. नाकाजवळचे आणि वरच्या ओठावरचे तर मुळीच नाही, कारण तिथला संसर्ग रक्तवाहिन्यांवाटे मेंदूकडे जाऊ शकतो. वारंवार केसतोड होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. काखेत किंवा जांघेत त्याच त्याच जागी गाठी येऊन फुटत असतील, तर मात्र ते साधे केसतोड नसावे. हायड्रॅडेनायटिस सपुराटिव्हा या आजारात पुटकांची तोंडे बुजून आत दाह पेटतो, त्वचेखाली बोगदे पडतात. लाजेपायी लोक वर्षानुवर्षे तो लपवतात आणि तेवढ्यात व्रण कायमचे होतात. मुरुमांतही पुटकाचे तोंड बुजते, पण तिथे तेल आणि जंतूंचा वाटा मोठा.

वाढत्या केशकंदावर शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा सहसा नजर टाकत नाही. हे अभय मोडले की चाई पडते : रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा, कडेला मुळाशी बारीक झालेले, उद्गारचिन्हासारखे केस. मूलपेशी वाचलेल्या असल्याने केस परत येऊ शकतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात डीएचटी या संप्रेरकामुळे पुटके केसाच्या प्रत्येक नव्या फेरीगणिक बारीक होत जातात. मिनॉक्सिडिल व फिनॅस्टराइड ही घसरण रोखू शकतात, पण औषध थांबले की ती पुन्हा सुरू होते.

लायकेन प्लॅनोपायलॅरिससारख्या रोगांत दाह थेट फुगवट्यावर येतो. तिथे पुटकाची जागा व्रण घेतो, रोमरंध्रे पुसली जातात आणि त्वचा चकचकीत दिसते. अशा चट्ट्यावर तेल चोळत घालवलेला प्रत्येक महिना महाग पडतो. त्वचारोगतज्ज्ञ बारीक तुकडा काढून निदान करतात.

पुटक केसापुरतेच नसते. वरवर भाजलेल्या जागी कडांबरोबर आतूनही नवी त्वचा येते : लालसर जखमेत एकेका पुटकाभोवती फिकट ठिपके उमटतात, पसरतात आणि एकमेकांना जाऊन मिळतात. भाजणे पुटकांच्याही खाली गेले असेल, तर हे ठिपके उमटत नाहीत आणि दुसरीकडची त्वचा आणून लावावी लागते.