एपिमेनिडीसचे वाक्य विरोधाभास नाही

ग्रीसमधल्या क्रेट बेटावरचा प्राचीन विचारवंत एपिमेनिडीस म्हणाला, ‘सगळे क्रेटवासी खोटारडे’, आणि हे वाक्य खरेही ठरत नाही, खोटेही ठरत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. १९०८ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनीही ते विरोधाभासांच्या उदाहरणांत घेतले होते. तरीही ते तसे नाही.

खोटारडा म्हणजे कायम खोटेच बोलणारा, असे धरू. वाक्य खरे मानले तर बोलणारा स्वतःच खोटारडा ठरतो, म्हणून ते खरे असू शकत नाही. पण ते खोटे मानायला काहीच आडकाठी नाही. ‘सगळे खोटारडे’ याचा नकार ‘सगळे सत्यवादी’ असा नसून ‘निदान एक जण खोटारडा नाही’ इतकाच आहे, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते. दुसरा एखादा क्रेटवासी कधीतरी खरे बोलत असला, की एपिमेनिडीसचे वाक्य नुसते खोटे ठरते, पेच उरत नाही.

तसेच, तर्काच्या कोड्यांतल्या बेटावर, जिथे प्रत्येक जण एकतर कायम खरे किंवा कायम खोटे बोलतो, दोघांपैकी पहिला म्हणाला, ‘आम्ही दोघेही खोटारडे’, तर पहिला खोटारडा आणि दुसरा सत्यवादी, असे सरळ उत्तर निघते.

खरा पेच मिलेटस या प्राचीन ग्रीक शहरातल्या युबुलिडीस या तत्त्वज्ञाच्या नावावर असलेल्या ‘मी आत्ता खोटे बोलतो आहे’ या वाक्यात आहे, कारण तिथे दुसरा कोणी क्रेटवासी मदतीला येत नाही.