एकच शब्द, दोन खुर्च्या: संस्थेचा संचालक आणि कंपनीचा संचालक

नागपूरच्या बजाजनगरात आमच्या शेजारी एक निवृत्त अभियंता राहतात. सगळी नोकरी घन इंधनाच्या रॉकेट मोटरींवर गेली. एका खासगी अवकाश कंपनीने त्यांना संचालक मंडळावर घेतलं आणि कॉलनीभर झालं, "काका तिकडे रॉकेट बनवायला रुजू झाले." मी कंपनी सेक्रेटरी आहे, हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. रुजू नोकरीवर होतात. मंडळावर नियुक्ती होते.

संस्थेचा संचालक सगळ्यांना ठाऊक आहे, मग तो इथल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा असो की तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा. रोज ऑफिसात असतो, त्याच्या सहीवर कामं हलतात. त्याला पगार आणि मंडळावरच्या काकांसारख्यांना बैठक भत्ता, हा फरक किरकोळ आहे, तो सोडून देऊ.

खरी गफलत अधिकारात होते. संस्थेच्या संचालकाने "चाचणी थांबवा" म्हटलं की चाचणी थांबते. कंपनीत नोकरी न करता नुसत्या मंडळावर असलेल्या संचालकाला एकट्याने कारखान्यातल्या कोणालाही हुकूम देता येत नाही. बैठक भरते, ठराव होतो, तो मंडळाचा निर्णय. बैठकीबाहेर तो एक अनुभवी माणूस, बस. जबाबदारी मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर येऊ शकते. कंपनी कायदा 2013 चं कलम 149(12) पूर्णवेळ नोकरीत नसलेल्या संचालकाला काही संरक्षण देतं. पण मंडळासमोर आलेली चूक त्याला माहीत होती आणि त्याची संमती होती, किंवा त्याने पुरेशी काळजी घेतली नाही, तर ते संरक्षण उरत नाही. "मी फक्त तांत्रिक बाजू बघत होतो" हे उत्तर तिथे चालत नाही. कलम 167 तर आणखी कडक आहे: 12 महिन्यांत एकाही बैठकीला गेला नाही, तर रजा घेतलेली असली तरी पद जातं.

(नुसतं नाव आणि अनुभव हवा असेल तर कंपनीने सल्लागार मंडळ नेमावं. शोभेपुरता संचालक मला अजिबात मान्य नाही.)

नागपूरला हे लांबचं नाही. डिसेंबर 2020 मध्ये स्कायरूट या खासगी रॉकेट कंपनीच्या कलाम-5 या घन इंधन मोटरीची चाचणी इथेच, स्फोटकं बनवणाऱ्या सोलर इंडस्ट्रीजच्या केंद्रात झाली. अशा कंपन्या वाढतील तशी काकांसारख्यांना बोलावणी येत राहतील.

मागच्या बैठकीआधी काका फाइल घेऊन आले. मोटरीच्या चाचणीचा अहवाल लाल पेन्सिलीने भरलेला, एका आलेखाशेजारी तीन प्रश्नचिन्हं. रोख रकमेचं पान कोरं. मी विचारलं, "काका, चाचणी सहा महिने पुढे गेली तर पगाराला पैसे पुरतील का?" ते म्हणाले, "ते अकाउंटवाले बघतील ना." मी म्हटलं, "नाही काका, ते तुम्हीच विचारायचं. आणि उत्तर पटलं नाही तर तुमचा विरोध इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्यायचा."

काकांनी चष्मा पुसला, ते पान पुढे ओढलं आणि शेवटच्या ओळीखाली पहिली लाल रेघ मारली.