घर नाही, पत्ता नाही, तरी पोरांसाठीची मदत मिळते: सांगलीत अर्ज कसा करायचा

एक पालक किंवा दोन्ही पालक नसलेल्या मुलांना दरमहा पैसे देणारी राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिच्या फॉर्मला जे फोटो जोडायला सांगतात त्यात एक असतो घरासमोर उभं राहून काढलेला, पालक आणि मूल दोघं दिसले पाहिजेत असा, पोस्टकार्ड साईजचा. मिरजेत स्टेशनच्या बाजूला प्लास्टिकच्या कागदाखाली राहणारी एक बाई, नवरा वारलेला, दोन पोरं, तिचा फॉर्म एका ऑफिसातनं ह्या एका फोटोपायी परत आला होता. ताई, घरच नाही तर कुणाच्या दारात उभी राहू, असं म्हणाली ती मला. मग आम्ही तिथंच त्या निळ्या कागदासमोर, चुलीच्या तीन दगडांशेजारी तिघांना उभं केलं, मोबाईलवर फोटो काढला, प्रिंट मारून जोडला, आणि फॉर्म पुढं सरकला. हे पहिल्यांदा सांगतेय कारण बरीच माणसं इथंच थांबतात, त्यांना वाटतं आपल्याला घर नाही म्हणजे आपण बसतच नाही ह्यात.

खरं तर कायद्यात उलटं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक कुणाला म्हणायचं ह्याची जी यादी दिलीय तिची सुरुवातच घर किंवा राहायचं ठराविक ठिकाण नसलेल्या आणि पोट भरायचं साधन नसलेल्या मुलापासनं होते. त्यामुळं कुणी पत्त्यावरनं परत पाठवलं तर हे शांतपणे सांगायचं.

आता पैशाच्या योजना दोन आहेत आणि लोकांची त्यात गल्लत होते. एक राज्याची, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, 2023 पासनं महिन्याला एका मुलामागं 2250 रुपये, वय 18 पूर्ण होईपर्यंत. आई किंवा वडील वारलेत, सोडून गेलेत, घटस्फोट झालाय, पालक मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळलेत, मूल अनाथ आहे आणि आजी-मामाकडं वाढतंय, अशा मुलांसाठी ही. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्वाची, तिला ऑफिसात सगळे स्पॉन्सरशिपच म्हणतात, महिन्याला 4000 रुपये, आणि हिच्यात बेघर मुलं, रस्त्यावर राहणारी मुलं, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेली मुलं असं स्पष्ट लिहिलंय. उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि शहरात 96,000 च्या आत. एका मुलाला दोन्हीतली एकच मिळते, म्हणून आधी स्पॉन्सरशिपचं विचारा.

अर्ज द्यायचा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, तिथंच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, त्यांनाच भेटायचं. फॉर्मला पैसे नाहीत, एजंट लागत नाही, व्हॉट्सॲपवर आलेला फॉर्म झेरॉक्सवाल्याकडनं भरून घेऊ नका, कक्षातनंच घ्या. फॉर्म दिला की कक्षातली माणसं येऊन गृहचौकशी करतात, म्हणजे मूल कुठं झोपतं, कोण सांभाळतं, शाळेत जातं का, हे बघून अहवाल लिहितात. मग बालसंगोपनचा आदेश बाल कल्याण समिती देते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात तिथं. स्पॉन्सरशिपची मंजुरी जिल्ह्याच्या वेगळ्या समितीकडं असते, पण पहिली पायरी तीच, कक्षात अर्ज आणि गृहचौकशी. कुणाकडं जायचं हेच कळत नसेल तर 1098 ला फोन लावा, फुकट आहे आणि रात्री दोनलाही लागतो.

कागदं म्हणाल तर मुलाचं आणि पालकाचं आधार, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, रहिवासी पुरावा आणि वर सांगितलेले फोटो. घरवाल्या माणसाला हे दोन दिवसाचं काम, बेघर माणसाला दोन महिन्याचं, कारण एकाला दुसरं लागतं, उत्पन्नाच्या दाखल्याला पत्ता, पत्त्याला आधार, आधारला परत पत्ता. ही गाठ आधारपासनं सोडवायची. आधार केंद्रावर एक छापील नमुना मिळतो, त्यावर नगरसेवक, सरपंच, तहसीलदार किंवा मान्यताप्राप्त निवारा केंद्राचे अधीक्षक फोटो लावून सही-शिक्का देऊ शकतात, तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, फक्त तीन महिन्याच्या आत वापरायचा. महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात राहत असाल तर हे सगळ्यात सोपं. जन्मदाखला नसेल तर शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख घेऊन जा, वयाचे कागदच नसतील तर वय ठरवायचा अधिकार बाल न्याय कायद्यानं बाल कल्याण समितीलाच दिलाय. आणि जन्मदाखला नाही म्हणून शाळेत नाव घालत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, शिक्षण हक्क कायद्यात वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही असं थेट लिहिलंय.

सहा वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर पैशाची वाट बघत बसू नका, अंगणवाडी गाठा. बाळाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते आणि आहार मिळतो. आईला कामावर जायचंय आणि पोराला ठेवायला कुणी नाही ही खरी रोजची अडचण, त्यासाठी पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलंय, 6 महिने ते 6 वर्षाच्या मुलांसाठी. जवळपास असं आहे का ते बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा.

ऊसतोडीला आलेल्यांचं वेगळं सांगते. कोयता घेऊन बीडकडनं आलेलं जोडपं पहाटेच फडात जातं आणि लहान पोरगं कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, नाहीतर बांधावर. अशांनी अंगणवाडीतली नोंद इथल्या अंगणवाडीत हलवून घ्यायची, पोषण ट्रॅकर ह्या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर ती सोय आहे, गावाकडच्या सेविकेचा नंबर सोबत असला की काम लवकर होतं. पैशाच्या योजनेचा अर्ज मात्र गावच्या जिल्ह्यात केलेला बरा, कारण गाळप संपलं की तुम्ही इथनं जाणार आणि चौकशीला माणूस कोपीवर येऊन परत जाणार.

बायका मला एकच प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, समितीपुढं गेलं की पोरं काढून घेतात का. मदत मागायला गेलात म्हणून काढून घेत नाहीत. मूल कुटुंबातच वाढावं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे बाल न्याय कायद्याचं तत्त्वच आहे आणि ह्या दोन्ही योजना त्याचसाठी काढल्यात. जाताना पोरांना सोबत घेऊन जा आणि जे आहे ते खरं सांगा, भाड्याची खोली आहे असं खोटं सांगायला जाऊ नका.

अर्ज दिल्यावर पोचपावतीवर तारीख-शिक्का घ्या, सगळ्या कागदाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. आणि फॉर्मवर तुमच्याशिवाय अजून एक नंबर द्याच. रस्त्यावरच्या माणसाला कधी उठवतील नेम नसतो, चौकशीला आलेल्याला तुम्ही दिसला नाहीत की पत्त्यावर आढळले नाहीत असा शेरा पडतो आणि सगळं पहिल्यापासनं. मिरजेच्या त्या बाईंनी स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवाल्याचा नंबर दिला होता. चौकशीच्या आठवड्यात त्यांना तिथनं हलवलं होतं, फोन टपरीवर आला, आणि त्यानंच सायकलवरनं जाऊन त्यांना शोधून आणलं.