रोजगार हमी योजना (रोहयो)

गावाकडे अंगमेहनतीचं काम मागायला आलेल्या प्रौढ माणसाला सरकारने काम दिलंच पाहिजे, असं स्वतःला कायद्याने बांधून घेणारी महाराष्ट्र सरकारची योजना. बोलताना रोहयो, नाहीतर नुसतं 'हमीचं काम'. यातला 'हमी' हा शब्द महत्त्वाचा, कारण मजुरांना दुष्काळी कामावर लावणं आपल्याकडे जुनंच आहे, पण ते सरकारला वाटलं तर, आणि इथे मागणाऱ्याने मागितलं की.

उगमाबद्दल एकमत नाही. एक मत असं की मुळं इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळ संहितांमध्ये आहेत. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर या संहिता तयार झाल्या आणि खडी फोडणं, रस्ते, तलाव अशी कामं काढून मजुरी द्यायची पद्धत पक्की झाली. पद्धतीपुरतं हे बरोबर आहे, मोजमाप, टोळ्या, हजेरीपट हे सगळं तिकडूनच आलेलं दिसतं. पण दुष्काळ जाहीर झाल्याशिवाय ती यंत्रणा हलत नसे, आणि मजुराला हक्क असा काही नव्हताच.

दुसरं मत जास्त लोकप्रिय, की 1972 च्या दुष्काळातून रोहयो जन्मली. इथे तारखा जरा नीट बघाव्या लागतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना साधारण 1965 च्या सुमारास मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे मांडली आणि सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात ती करून बघितली गेली, म्हणजे दुष्काळाच्या बरंच आधी. राज्यभर सुरुवात 1972 मध्ये झाली हे खरं, पण लगेच दुष्काळ इतका वाढला की योजना बाजूला ठेवून नेहमीची दुष्काळी कामं काढावी लागली. 1973 च्या उन्हाळ्यात त्या कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. म्हणजे काटेकोर बोलायचं तर दुष्काळाने रोहयो सुरू केली नाही, उलट थोडे दिवस थांबवलीच; ती परत उभी राहिली 1974 नंतर. मात्र इतकी माणसं काम मागत रस्त्यावर येतात हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितल्यामुळे पुढे कायद्याला विरोध करणं कुणालाच जमलं नसावं, आणि कामगार-शेतमजूर संघटनांचा रेटाही होताच. पागे यांचा प्रयोग आधी आणि दुष्काळाचं बळ नंतर, हा क्रम जास्त पटतो.

कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. पैशाची सोय त्याआधीच 1975 मध्ये झाली होती: पगारदारांवर व्यवसाय कर, शिवाय विक्रीकर, मोटार वाहनं, बागायत जमीन यांवर जादा आकारणी, आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्याकडून घालायची. शहरातल्या माणसाच्या पगारातून कापून खेड्यात मजुरी द्यायची, हे तेव्हा पचलं कसं यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. शहरांकडे येणारे लोंढे थोपतील ही आशा हे एक कारण सांगतात. हेरिंग आणि एडवर्ड्स या अभ्यासकांनी 1983 मध्ये वेगळा मुद्दा मांडला, की तलाव-बांध-रस्त्यांचा खरा फायदा जमीनवाल्यांना होतो. मुद्दा टाकून देण्यासारखा नाही, पण मजुरीचा भाग त्यात जरा हलका धरला गेलाय.

कामाची रीत: नमुना 4 हा अर्ज भरून मागणी करायची, 15 दिवसांत काम, नाही मिळालं तर बेकारी भत्ता. हा भत्ता कायद्यात दिवसाला किमान 1 रुपया इतकाच होता आणि तोही क्वचितच कुणाच्या हातात पडला. नवीन काम काढायला निदान 50 मजूर लागत, त्यामुळे लहान वाड्या-पाड्यांची अडचण व्हायची. मजुरी रोजावर नाही तर मोजमापावर: माती मऊ की मुरूम की खडक, किती लांब नेऊन टाकली (लीड), किती उंच चढवली (लिफ्ट), यावरून दर, आणि मग ती सगळी रक्कम टोळीत वाटायची. माप घेणारा उशिरा आला की पगार लांबला, मजुरांची सगळ्यात जुनी तक्रार हीच. खर्चाचा निदान 60 टक्के भाग अकुशल मजुरीवर जायला हवा, म्हणून यंत्रांना फार वाव नाही.

1988 मध्ये मजुरी शेतीच्या किमान वेतनाइतकी केली, ती जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी घटली. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की दर वाढल्यावर मागेल त्याला काम न देता कामं हात राखून काढली गेली, म्हणजे हमी आतून सैल झाली. पावसाचं बरं वर्ष हेही कारण असू शकतं, पण हजेरी पुढेही पूर्वीसारखी चढली नाही, त्यामुळे पहिलं कारण जास्त वजनदार वाटतं. 1990 च्या सुमारास फळबाग लागवड आणि विहिरी योजनेला जोडल्या गेल्या, तिथे मजुरापेक्षा शेतकरीच लाभार्थी झाला.

मजुरांत बायांचं प्रमाण पहिल्यापासून मोठं. घराजवळ काम (5 किलोमीटरच्या आत देण्याचा नियम) आणि बायका-पुरुषांना एकच दर, ही त्याची कारणं. पाळणाघर आणि सावलीची सोय कागदावर सगळीकडे असते.

2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी याच धर्तीवर कायदा केला आणि 2 फेब्रुवारी 2006 पासून आधी 200 जिल्ह्यांत लागू केला. त्यात कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची मर्यादा होती, महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात अशी मर्यादा नव्हती. त्यामुळे 100 दिवसांपुढचं काम राज्याच्या निधीतून द्यायचं, अशी जोडणी केली गेली.