श्रद्धा, नीती आणि ज्ञान : निरीश्वरवादी भूमिका

निरीश्वरवाद म्हणजे देव आहे असं न मानणं. व्याख्या एवढीच, पण तिच्यावरून भांडणं शतकानुशतकं चाललीत, कारण "मी देव मानत नाही" असं कोणी म्हटलं की समोरून दोन प्रश्न हमखास येतात, मग हे सगळं आलं कुठून, आणि मग चांगलं वागायचं कशासाठी. पहिला प्रश्न ज्ञानाचा, दुसरा नीतीचा. या नोंदीत त्या दोन्हींना निरीश्वरवाद्यांनी काय उत्तरं दिली ते बघायचंय, आणि लिहिणारा स्वतः त्याच बाजूचा आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

एक घोळ सुरुवातीलाच सोडवून टाकू. "देव आहे असं मी मानत नाही" आणि "देव नाही हे मी सिद्ध करून दाखवतो" हे दोन वेगवेगळे दावे आहेत. बहुतेक निरीश्वरवादी पहिल्यावर उभे असतात आणि टीका मात्र दुसऱ्यावर होत राहते. इंग्लिश जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलेने १८६९ मध्ये अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळत नाही असं म्हणणारा, ही ओळख चालू केली ती याच कारणाने, जे माहीत नाही ते माहीत असल्याचा आव आणायचा नाही म्हणून. पण माहीत असणं ही एक गोष्ट आणि मानणं ही दुसरी, त्यामुळे एकच माणूस अज्ञेयवादी आणि निरीश्वरवादी दोन्ही असू शकतो, त्यात काही विसंगती नाही.

कशाला ज्ञान म्हणायचं

हा विचार आधुनिक विज्ञानाबरोबर जन्मला असं बरेच जण धरून चालतात, ते खरं नाही. चार्वाकांनी किंवा लोकायतांनी, म्हणजे वेद आणि परलोक न मानणाऱ्या प्राचीन भारतीय विचारवंतांनी, फार पूर्वीच ज्ञानाच्या साधनांवर बोट ठेवलं होतं. प्रत्यक्ष दिसतं ते प्रमाण, ग्रंथात लिहिलंय एवढ्यावरून काही खरं ठरत नाही, आणि अनुमानसुद्धा जपून करा, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग हे म्हणायला तुम्ही सगळे धूर कुठे बघितलेत? (पुढच्या काही चार्वाकांनी रोजच्या व्यवहारातलं अनुमान मान्य केलं, परलोकाबद्दलचं नाही, आणि मला ही जास्त शहाणपणाची जागा वाटते.) दुर्दैव असं की त्यांचे मूळ ग्रंथ जवळपास सगळे हरवले आणि आपल्याला ते कळतात ते मुख्यतः विरोधकांच्या तोंडून. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात पहिलं प्रकरण त्यांच्यावर आहे, आणि कर्ज काढून तूप प्या ही जी त्यांची ख्याती झाली तीसुद्धा तिथूनच पसरली. ज्ञान कशाला म्हणायचं याच्या एका अख्ख्या विचाराची आठवण लोकांनी चैनबाजी म्हणून ठेवावी हा त्या लोकांवर मोठा अन्याय आहे. त्याच प्रकरणात त्यांचा एक थेट सवाल पण आहे, यज्ञात मारलेला पशू स्वर्गात जात असेल तर यजमान आपल्या बापालाच का पाठवत नाही? हा प्रश्न कोणाची टर उडवायला विचारलेला नाही, दावा मनापासून खरा मानत असाल तर त्याचा पुढचा परिणामही माना एवढंच तो सांगतो.

विश्वास ठेवणं ही नैतिक गोष्ट पण आहे का, हा मुद्दा सगळ्यात धारदारपणे मांडला तो इंग्लिश गणिती विल्यम क्लिफर्डने, १८७७ मध्ये. त्याचं उदाहरण असं. एका माणसाचं जहाज आहे, जुनं, अनेकदा दुरुस्त केलेलं, आणि ते प्रवासी घेऊन समुद्रात निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते, हे टिकेल ना? नीट तपासून घ्यायचं तर खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो, इतक्या सफरी केल्या, इतकी वादळं झेलली, देव या गरीब कुटुंबांना सांभाळून नेईल, आणि असं करत करत त्याला खरोखरच मनापासून खात्री वाटायला लागते. जहाज बुडतं, सगळे मरतात, त्याला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड म्हणतो तो दोषी आहे, त्याचा विश्वास कितीही प्रामाणिक असला तरी, कारण समोर जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, समजा जहाज बुडलं नसतं आणि सुखरूप परत आलं असतं, तरी तो तेवढाच दोषी, फक्त पकडला गेला नसता.

याला अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ मध्ये उत्तर दिलं आणि ते हलकं उत्तर नाही. तो म्हणाला काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत, आणि काही वेळा विश्वास ठेवल्यानेच गोष्ट खरी होते, समोरच्याला मी आवडतो असं धरून वागलो तरच मैत्री जुळते. मैत्रीच्या बाबतीत तो बरोबरच आहे. पण विश्वाचा कोणी कर्ता आहे की नाही हे माझ्या मानण्याने ठरत नाही, तो असेल तर माझ्याशिवाय आहे आणि नसेल तर माझ्या श्रद्धेने तयार होणार नाही, म्हणून जेम्सचा युक्तिवाद नेमका जिथे हवा होता तिथे पुरत नाही.

सिद्ध करायची जबाबदारी कोणाची, यावर ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९५२ मध्ये किटलीचं उदाहरण दिलं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरतेय, पण ती इतकी लहान की कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही ते खोटं पाडू शकणार नाही, पण म्हणून ते मानायला कोणी बांधील होत नाही. ज्याचा दावा त्याने पुरावा द्यायचा, कोर्टात हेच चालतं आणि प्रयोगशाळेतही हेच चालतं.

आता जिथे धर्म जगाबद्दल तपासता येईल असा दावा करतो तिथे तपासणी झालेली आहे. प्रार्थनेचंच घ्या. २००६ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, सहा हॉस्पिटलांमधले बायपास झालेले १,८०२ पेशंट, त्यांचे तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, त्यातल्या एका गटासाठी झाली आणि दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्याला पक्कं सांगितलं की होणार, आणि झालीही. प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात ५२ टक्के लोकांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली, प्रार्थना न झालेल्या दुसऱ्या गटात ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. ज्यांना पक्कं माहीत होतं त्यांच्यात मात्र ५९ टक्के. या वाढीचं कारण काय त्यावर नुसते अंदाज आहेत, त्यावरून प्रार्थना अपायकारक असते असा निष्कर्ष कोणी काढू नये. श्रद्धावानांचं यावर म्हणणं असतं की देवाची अशी परीक्षा घेता येत नाही. ठीक आहे, मानू, पण मग पेशंट बरा झाला की ते देवाच्या असण्याचा पुरावा म्हणून सांगणंही थांबवायला लागेल, पास झालं तर परीक्षा खरी आणि नापास झालं तर परीक्षाच गैर असं दोन्हीकडून चालत नाही.

राहिला स्वतःचा अनुभव. कोणी सांगतो मला साक्षात्कार झाला, तर त्याला खोटारडा म्हणायचं काहीच कारण नाही, अनुभव आला असणारच. प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे. ज्या परंपरेत माणूस वाढला बहुतेक वेळा त्याच परंपरेतली रूपं त्याला दिसतात, आणि हे ग्रीक कवी झेनोफेनीसने इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकाच्या सुमारासच ओळखलं होतं, इथियोपियन लोकांचे देव काळे आणि चपट्या नाकाचे, थ्रेसियन लोकांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे, आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देव घोड्यासारखे काढले असते.

दुःखाचा प्रश्न

देव सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर इतकं दुःख का? हा प्रश्न प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो, आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या १७७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या संवादांमध्ये तो जोरात येतो. माणसाला स्वातंत्र्य दिलंय म्हणून तो वाईट वागतो हे नेहमीचं उत्तर, आणि ते खुनाला वगैरे थोडंफार लागू पडतं. भूकंपाला पडत नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये भूकंप झाला तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता, सकाळी लोक चर्चमध्ये जमलेले, आधी छतं कोसळली, मग समुद्र आत आला, मग आगी लागल्या. आणि माणूस सोडूनच द्या, डार्विनने १८६० मध्ये एका मित्राला पत्रात लिहिलं की काही गांधीलमाश्यांसारख्या कीटकांच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खात वाढतात, हे कोणा दयाळू देवाने मुद्दाम घडवलं असेल हे मला पटत नाही. सुरवंटाने कुठल्या स्वातंत्र्याचा गैरवापर केला होता?

देवाशिवाय नीती

इथे आरोप जुना आणि जड आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये धार्मिक सहिष्णुतेवर लिहिलं तेव्हासुद्धा निरीश्वरवाद्यांना त्यातून वगळलं, कारण वचन, करार, शपथ यांनी समाज बांधलेला असतो आणि देव न मानणाऱ्याला त्याचं बंधन वाटणार नाही असं त्याचं मत. सहिष्णुतेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, आणि तोही इथे अडला. फ्रेंच विचारवंत पियेर बेल मात्र त्याच्या सात वर्षं आधी, १६८२ मध्येच सांगून गेला होता की निरीश्वरवाद्यांचा समाज पण नीट चालू शकेल, कारण माणसं तत्त्वांवर कमी आणि स्वभाव, सवय, लोकलाज यांवर जास्त चालतात. शपथेचा हा वाद दोनशे वर्षांनी थेट ब्रिटिश संसदेत पोचला. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आला, उघड निरीश्वरवादी, त्याने धार्मिक शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा घेऊ द्या म्हटलं तर नकार, मग शपथ घेतो म्हटलं तरी नकार, एकदा संसदेतच कोठडीत ठेवलं, मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले आणि बसायला जागा मिळाली ती १८८६ मध्ये. १८८८ च्या कायद्याने प्रतिज्ञेचा हक्क सगळ्यांना मिळाला. त्यानंतर करार मोडले नाहीत की कोर्टं बंद पडली नाहीत.

तात्त्विक बाजूने मुख्य अडचण प्लेटोच्या युथायफ्रो संवादात सॉक्रेटिसने काढलेली. एखादी गोष्ट देवाने सांगितली म्हणून चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवाने सांगितली? पहिलं धरलं तर उद्या देवाने लहान मुलांना मारायला सांगितलं तरी ते चांगलं ठरेल. दुसरं धरलं तर चांगुलपणाचा आधार देवाच्या बाहेर आहे आणि आपण तो थेटही शोधू शकतो. देवाचा स्वभावच चांगुलपणा आहे असं तिसरं उत्तर देतात, पण तो स्वभाव चांगला हे ठरवलं कशावरून, असा तोच प्रश्न परत उभा राहतो.

मग नीती आली कुठून? तिचा कच्चा माल उत्क्रांतीतून आला असं मानायला चांगली कारणं आहेत, कळपात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये मदत, सांत्वन, राग, रुसवा सगळं दिसतं. २००३ च्या एका प्रयोगात एकाच कामासाठी शेजारच्या कापुचिन माकडाला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळतेय हे बघून माकडांनी काकडी नाकारली (त्याचा अर्थ न्यायबुद्धी लावायचा की नुसती अपेक्षाभंगाची चिडचिड, यावर नंतर बराच वाद झाला). पण इथे प्रामाणिक राहायला हवं, भावना कशी आली हे कळलं म्हणजे ती पाळावी का हे कळलं असं होत नाही. "आहे" वरून "असावं" कडे उडी मारता येत नाही हे ह्यूमनेच दाखवलंय, आणि हिंसा पण उत्क्रांतीतूनच आलीय. या प्रश्नावर निरीश्वरवाद्यांमध्ये एकमत नाही, कोणी सुखदुःखाचा हिशोब धरतं, कोणी परस्पर कराराचा, आणि जे. एल. मॅकीसारखा तत्त्वज्ञ तर १९७७ मध्ये म्हणाला की वस्तुनिष्ठ नैतिक मूल्यं नाहीतच. माझं मत असं की ज्याला परिणाम भोगायचेत त्याच्यासमोर उभं राहून सांगता येईल असं कारण हवं, आणि "वरून आज्ञा आहे" हे तसं कारण होत नाही कारण त्याच्यापुढे विचारायला जागाच उरत नाही.

आणि हे निकष आपल्या बाजूलाही लावायला हवेत. अल्बेनियाने १९६७ मध्ये स्वतःला निरीश्वरवादी राष्ट्र जाहीर केलं, मशिदी आणि चर्च बंद केली, धर्मगुरूंना तुरुंगात टाकलं, काहींना मारलं, सार्वजनिक पूजेवरची बंदी उठायला १९९० उजाडलं. देव न मानल्याने माणूस आपोआप चांगला होत नाही हे यापेक्षा स्पष्ट दिसायला नको. तिथे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या शब्दावर प्रश्न विचारणं हाच गुन्हा झाला होता, म्हणजे देव काढला आणि न तपासलेल्या दाव्याची सत्ता तशीच ठेवली.

मृत्यू आणि सोबत

धर्म फक्त दावे करत नाही, तो दुःखात माणसं गोळा करतो, आणि ही गरज निरीश्वरवादाने बराच काळ दुर्लक्षिली. वैयक्तिक पातळीवर ह्यूमचं उदाहरण आहे, १७७६ च्या जुलैमध्ये लेखक जेम्स बॉझवेल त्याला मुद्दाम भेटायला गेला, मरणाच्या दारात तरी हा परलोक मानतो का बघायला. ह्यूम शांत होता, म्हणाला आपण जन्मायच्या आधी नव्हतो याचा जसा त्रास होत नाही तसाच पुढे नसण्याचाही होत नाही. बॉझवेलच अस्वस्थ होऊन परतला. पण प्रत्येकाला ह्यूमसारखं एकट्याने पेलता येत नाही. नॉर्वेमध्ये १९५१ पासून मुलांसाठी धर्माशिवायचा वयात येण्याचा सोहळा होतो, स्कॉटलंडमध्ये २००५ पासून मानवतावादी पद्धतीचं लग्न कायद्याने ग्राह्य धरलं जातं, आणि निधर्मी अंत्यविधी करणारे लोकही आता बऱ्याच देशांत आहेत, मेलेल्या माणसाबद्दल खरं तेच बोलायचं आणि मागे राहिलेल्यांना धरून ठेवायचं एवढंच ते करतात.