तेलकंपन्यांचे बळ कुठून कुठे सरकले

तेल ज्याच्या हाती, बाजार त्याचा, असे वरवर वाटते. पण या धंद्यातला पहिला मोठा विजेता सुरुवातीला विहिरींच्या नादी लागलाच नाही. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि खोदणाऱ्यांची झुंबड उडाली. तेल उदंड निघाले की भाव गडगडत. त्या गदारोळापासून दूर राहून जॉन डी. रॉकफेलरने शुद्धीकरण, पाइपलाइन आणि रेल्वेची भाडेसवलत यांवर पकड बसवली. पिंपांसाठीचे ओकचे लाकूडसुद्धा जंगलातच वाळवून घेतले जाई, म्हणजे वजन घटे आणि वाहतूक स्वस्त पडे. 1880च्या सुमारास अमेरिकेतील जवळपास 90 टक्के शुद्धीकरण त्याच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीकडे होते. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिचे 34 तुकडे झाले.

त्यानंतरची अनेक दशके साठ्यांची. मध्यपूर्वेतील तेलहक्क ज्याच्याकडे, तो मोठा. 1960 मध्ये बगदादला ओपेक ही तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना स्थापन झाली. 1972 मध्ये इराकने, 1976 मध्ये व्हेनेझुएलाने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि 1980 मध्ये सौदी अरेबियात तेल काढणारी आरामको कंपनी पूर्णपणे सौदी सरकारची झाली.

साठे गेल्यावर कंपन्यांकडे उरली ती अवघड जागी प्रकल्प उभारण्याची हातोटी. उत्तर समुद्रात ती कसाला लागली. योगायोग असा की, कंपनीची वाढ तिच्या अंगच्या साधनांतून आणि अनुभवातून होते, असे 1959 मध्येच मांडणाऱ्या अर्थतज्ज्ञ एडिथ पेनरोझ यांनी पुढे तेलकंपन्यांचाच अभ्यास केला. 1991 मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक जे बार्नी यांनी त्या विचाराला कसोट्या दिल्या: साधन मोलाचे हवे, दुर्मीळ हवे, नक्कल करायला कठीण हवे आणि त्याला पर्याय नसावा. रिग, म्हणजे तेलविहीर खोदणारी यंत्रणा, या कसोट्यांवर टिकत नाही. ती कोणीही भाड्याने आणू शकतो. ती नेमकी कुठे आणि कधी लावायची, ही जाण मात्र भाड्याने मिळत नाही.

1986 मध्ये भाव कोसळले, तेव्हा याचा कस लागला. उत्तर समुद्रातील अँड्र्यू हे तेलक्षेत्र 1974 मध्ये सापडले होते, पण खर्च परवडेना म्हणून पडून होते. बीपी या ब्रिटिश तेलकंपनीने कंत्राटदारांशी नफा-तोटा वाटून घेण्याचा करार केला. 1996 मध्ये, ठरल्या वेळेच्या सुमारे सहा महिने आधी आणि अंदाजापेक्षा बऱ्याच कमी खर्चात, तेथून तेल निघाले. समुद्र तोच, साठाही तोच. बदलली होती ती माणसे एकत्र आणण्याची रीत.

माझ्या मते याच काळात कंपन्यांनी एक महागडा सौदाही केला. खर्चकपातीत संशोधन आणि अभियंते कमी केले, आणि ते ज्ञान सेवा पुरवणाऱ्यांकडे गेले. दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या समुद्रात 2015 मध्ये लिझा हे तेलक्षेत्र सापडले आणि डिसेंबर 2019 मध्ये तेल सुरूही झाले. हा वेग एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेलकंपनीच्या नावावर जमा होतो. पण लिझावरील तरंगती उत्पादन-जहाजे एसबीएम ऑफशोर या सेवा पुरवणाऱ्या कंपनीने उभारलेली आहेत, आणि ही कंपनी आता अशा जहाजांचे एकाच साच्यातले सांगाडे ग्राहक ठरण्याआधीच बांधायला देते.